आत्याबाईंचा जामीन

माझ्या सासूबाईंना पोलिसांनी धरलं तेव्हा मी घरी गुरांना पाला टाकत होते. बहात्तरच्या दुष्काळाचं ते साल. आमचं गाव नगरच्या पूर्वेला, कोरडवाहू पट्ट्यात. विहिरी उन्हाळ्याच्या आधीच आटल्या होत्या आणि सगळा गाव सरकारी टँकरवर जगत होता. टँकर यायचा तो सरपंचांच्या वस्तीवरच्या विहिरीत रिकामा व्हायचा. गावापासून ती विहीर लांब होती आणि तिथं पाणी शेंदायला आधी कुणी जायचं हे वस्तीवरची माणसं ठरवायची. त्यात आठवडाभर टँकर आलाच नाही. तेव्हा बायका रिकामे हंडे घेऊन तालुक्याला कचेरीवर गेल्या. सर्वांत पुढे आत्याबाई होत्या. सासूला आत्याबाई म्हणायची आमच्याकडे रीत.

तिथं नेमकं काय झालं ते मला ऐकूनच माहीत. आत्याबाई तहसीलदार साहेबांना म्हणाल्या, की टँकर गावात रिकामा झाला पायजे, सरपंचाच्या वस्तीवर न्हाई. सरपंच तिथंच साहेबांच्या शेजारी खुर्चीवर बसले होते. मग रेटारेटी झाली, कुणाचा तरी हंडा उडाला आणि साहेबांच्या जीपची काच फुटली. हंडा कुणी फेकला हे मला आजही ठाऊक नाही. आत्याबाईंचा स्वतःचा हंडा त्यांच्या काखेतच होता. पोलिसांनी तीन बायकांना गाडीत घातलं. त्यातल्या दोघींना सरपंचांनी स्वतः जामीन राहून त्याच संध्याकाळी सोडवलं आणि आपल्या बैलगाडीतून घरी पोचवलं. तिसरीसाठी, आत्याबाईंसाठी, ते जामीन राहिले नाहीत.

आमच्या घरात तेव्हा माणसं मोजकीच. नवरा फौजेत, दूर सरहद्दीवर. घरी आत्याबाई, माझे सासरे आबा आणि मी. माझं माहेर नगरचं, मॅट्रिक झालेली मी एकटीच सून त्या आळीत. लग्नाला वर्ष होत आलं होतं, पण आबा आणि मी एकमेकांशी धड चार वाक्यं बोललो नव्हतो. सासऱ्यासमोर सून उभी राहत नसे. त्या दिवशी आबा ओसरीवर आले, खांबाकडे बघत म्हणाले, "सूनबाई, उद्या तालुक्याला जायचंय. मला वाचता येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा आत्याबाईंना कोर्टात उभं करून झालं होतं. कोर्टानं जामीन मंजूर केला होता, पण जामीनदार हजर नव्हता. तालुक्याला बायकांना ठेवायची सोय नव्हती म्हणून त्यांना नगरच्या तुरुंगात पाठवलं होतं. आम्ही एका वकिलांकडे गेलो. आबांनी मुंडाशातून पुरचुंडी सोडली आणि टेबलावर ठेवली. शेळ्या विकून आणलेले पैसे होते.

वकील म्हणाले, "हे आत ठेवा. जामीन म्हणजे पैसे भरणं नाही. जमीनजुमला असलेल्या माणसानं कोर्टाला लिहून द्यायचं, की बाई प्रत्येक तारखेला हजर राहतील. नाही राहिल्या तर ठरलेली रक्कम तो सरकारात भरील. त्यासाठी त्याच्या नावाचा सातबारा लागतो."

"माझी जमीन हाय की," आबा म्हणाले.

"नवरा चालतो. उतारा आणा."

आबा पुरचुंडी पुन्हा बांधू लागले. मी विचारलं तेव्हा त्यांनी जमिनीकडे बघत सांगितलं, की उताऱ्यावर अजून त्यांच्या वडिलांचंच नाव आहे. वडील जाऊन बारा-पंधरा वर्षं झाली होती. तिघे भाऊ आपापला तुकडा कसत होते, कुणाची तक्रार नव्हती, म्हणून नाव लावून घ्यायचं राहून गेलं. वकिलांनी मान हलवली. मेलेला माणूस जामीन राहू शकत नाही, म्हणाले. आता नाव लावायचं तर तलाठी पाहिजे, आणि तलाठी खडी फोडायच्या कामांवर हजेऱ्या घेत फिरत होता. त्याला गाठलं तरी पुढं महिने जाणार.

मला एक गोष्ट कळेना. मी पदराआडूनच विचारलं, "गुन्हा मोठा आहे का?"

"छे. जामीनपात्र आहे. जामीन मिळणं हा तुमचा हक्कच आहे."

"मग त्या आत का?"

"हक्क आहे. पण जामीनदार पाहिजे," ते म्हणाले आणि पुढच्या पक्षकाराकडे वळले.

मग आम्ही गावात फिरलो. म्हणजे आबा फिरले आणि मी घरी वाट बघत बसले. ज्यांच्या नावावर जमीन होती ते सगळे सरपंचांच्या पाण्यावर होते. एक जण म्हणाला, उतारा सोसायटीच्या कर्जात अडकलाय. एकानं विचारलं, "ती तारखेला आली न्हाई तर?" बत्तीस वर्षं एका आळीत राहिलेल्या बाईविषयी हे विचारताना त्याला काही वाटलं नाही. आबा परत आले की पायरीवर बसून पायताणातली माती झटकत राहायचे. मला त्यांचा राग यायचा. त्यांनी भांडावं, आवाज चढवावा असं वाटायचं. मी स्वतः तर उंबऱ्याबाहेर जाऊन कुणाला विचारूही शकत नव्हते. त्या दिवसांत मी भांडी इतकी घासली, की राख संपली.

नगरला भेटीला गेलो. जाळीपलीकडे आत्याबाई उभ्या होत्या. कपाळाचं कुंकू पुसट झालेलं, पण आवाज तोच. आबांना म्हणाल्या, "म्हशीला पानी कोन दावतंय?" मग मला म्हणाल्या, "माझ्या भावाकडं जा. सोनईला. त्याची बागायती हाय, उतारा चोख हाय. तो न्हाई म्हनायचा न्हाई." निघताना हळूच म्हणाल्या, "हितं एक बाई हाय. तिला बी कोर्टानं सोडलंय म्हनं. पन न्ह्यायला कुनी आलंच न्हाई. लई दिस झालं."

सोनईचा भाऊ खरोखरच नाही म्हणाला नाही. आत्याबाईंपेक्षा लहान, अंगानं भारी, मनानं मऊ माणूस. ऐकल्या ऐकल्या त्यानं सदरा घातला. सोनई दुसऱ्या तालुक्यात, म्हणून तिथल्या कचेरीतून त्याच्या ऐपतीचा दाखला आणायला लागला. तो आणायला दोन खेपा झाल्या. एका खेपेला साहेब दौऱ्यावर होते, दुसऱ्या खेपेला शिक्का कपाटात आणि कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्या कारकुनाकडे. शेवटी सगळे कागद घेऊन आम्ही कोर्टात उभे राहिलो. मला वाटलं, संपलं एकदाचं.

कोर्टाच्या कारकुनानं उतारा डोळ्यांजवळ नेला. "हे दुसरं नाव कुणाचं?"

भावानं मान पुढं केली. त्याच्या नावाखाली आणखी एक नाव होतं. आत्याबाईंचं, माहेरचं.

"बहीण हाय. बा वारला तवा तलाठ्यानं वारस म्हनून लावलं आसंल."

"म्हणजे आरोपी," कारकून म्हणाला. "जमीन आरोपीच्या सामाईकात आहे. हा उतारा चालणार नाही."

वकिलांनी थोडी हुज्जत घातली, पण कारकून कागद पुढं सरकवायला तयार होईना. बाहेर येऊन वकील म्हणाले, "एक मार्ग आहे. बाईंनी जमिनीतला हक्क सोडल्याचं लिहून द्यायचं. तो कागद जोडला की जमीन एकट्या भावाची. मग हरकत राहणार नाही." भावानं तसं सुचवलं नव्हतं हे मी शपथेवर सांगेन. पण नकोही म्हटलं नाही त्यानं.

तो स्टँपपेपर घेऊन आम्ही तिघं पुन्हा नगरला गेलो. तुरुंगाच्या अधिकाऱ्यासमोर अंगठा घ्यायचा होता म्हणून त्या दिवशी आत्याबाईंना जाळीबाहेर, ऑफिसात आणलं. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. मीही खाली बसले.

"काय लिव्हलंय? वाच," त्या म्हणाल्या.

मी वाचलं. वडिलोपार्जित जमिनीतला माझा हिस्सा मी माझ्या भावाच्या लाभात कोणाच्याही दबावाशिवाय, राजीखुशीनं कायमचा सोडून देत आहे.

"राजीखुशीनं, आसं लिव्हलंय?"

"हो."

त्यांनी भावाकडे पाहिलं. "माझं नाव हाय व्हय त्या जमिनीवर?"

"हुतं तसं. मी बी इसरलो हुतो, आक्का."

"मला कुनी सांगितलंच न्हाई."

अधिकारी रजिस्टरात काहीतरी लिहीत होता. मग आत्याबाईंनी मला विचारलं, "मग माझ्याच जमिनीवर मला सोडत न्हाईत व्हय?"

वकिलांनी मला जे सांगितलं होतं तेच मी सांगितलं, की आरोपीला स्वतःचा जामीन राहता येत नाही. सांगताना ते मलाच पटत नव्हतं. मी म्हणाले, "आत्याबाई, नका देऊ अंगठा. दुसरं कुणीतरी बघू." त्यांनी आबांकडे पाहिलं. आबांचे पाय सुजले होते, ओठ फुटले होते. एसटीच्या फेऱ्या आणि ऊन त्यांना झेपत नव्हतं. ते दाराशी उभे होते आणि त्यांना बस म्हणायलाही कुणी नव्हतं.

"आजून कोन बघायचं ऱ्हायलंय?" आत्याबाई म्हणाल्या आणि अंगठा पुढं केला. शाई लावताना त्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो कागद जोडून अर्ज कोर्टापुढं गेला. नेहमीचे मॅजिस्ट्रेट रजेवर होते. त्यांच्या जागी बाहेरगावचे, तरुण वयाचे एक मॅजिस्ट्रेट काम बघायला आले होते. त्यांनी आमची फाईल उलटली, पुन्हा पहिल्या पानावर आले आणि वकिलांना विचारलं, "या बाई अजून आत कशा?"

"साहेब, जामीनदार मिळायला वेळ लागला. आता आणलाय."

"जामीनपात्र गुन्हा आहे. बाईमाणूस, कायम राहणार गावात. घर आहे, नवरा आहे. जातमुचलक्यावर सोडण्याचा अर्ज का नाही केला?"

वकील म्हणाले, "तसा अर्ज केला नव्हता, साहेब."

मॅजिस्ट्रेटांनी तिथल्या तिथं हुकूम लिहिला. जामीनदाराची गरज नाही. बाईंनी स्वतःच लिहून द्यायचं, मी तारखेला हजर राहीन. एवढंच. पुकारा झाल्यापासून हुकूम होईपर्यंत आबांना मुंडासं सारखं करायलाही वेळ मिळाला नाही.

व्हरांड्यात मी पदर डोक्यावरून खांद्यावर आला तरी तसाच राहू दिला आणि वकिलांना विचारलं, "हे पहिल्या दिवशी करता आलं असतं?"

"कायद्यात तरतूद आहे," ते म्हणाले. "पण इथं असे अर्ज मंजूर होत नाहीत. म्हणून आम्ही करत नाही."

"केल्याशिवाय मंजूर कसे होतील?"

ते माझ्याकडे बघून हसले. वाईट माणूस नव्हता तो. त्याची फी त्यानं कमीच घेतली. पण ते हसणं मला आयुष्यभर पुरलं. रागवायचं कुणावर हेच मला कळत नव्हतं. कारकून म्हणे मी नियम पाळला, वकील म्हणे मी रिवाज पाळला, भावानं तर मदतच केली होती. सगळे आपापल्या जागी बरोबर होते आणि आत्याबाई तुरुंगात होत्या.

"त्या कागदाचं काय?" मी विचारलं. "तो आता लागत नाही. परत द्या."

वकिलांनी फाईलमधून काढून तो भावाच्या हातात दिला, कारण स्टँपपेपर त्यानंच विकत घेतला होता. भावानं घडी करून खिशात ठेवला. मी आबांकडे बघितलं. आबांनी मान खाली घातली.

आत्याबाई सुटल्या. नगरहून येताना एसटीत खिडकीशी बसल्या आणि वाटेत कुठं कुठं पाऊलवाटेनं बायका डोक्यावर मडकी घेऊन जाताना दिसतात ते बघत राहिल्या. जातमुचलक्याचं मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "म्हंजी माझ्या सबदावर सोडलं मला."

"हो."

"आन कागद?"

"तो सोनईला गेला."

पुढच्या वर्षी सोनईच्या उताऱ्यावरून त्यांचं नाव निघालं. भाऊ दर दिवाळीला न्यायला यायचा, साडीचोळी करायचा, आणि त्या जायच्या. त्यांच्यात त्या कागदाचा विषय कधी निघाला असेल असं मला वाटत नाही. पहिल्या दिवाळीला मात्र त्या ठरल्या दिवसाआधीच परत आल्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, तिथं झोप लागत न्हाई.

खटला चालूच होता. दर तारखेला आम्ही दोघी तालुक्याला जायचो. आता आबांऐवजी मी सोबत असायचे, आणि गावात मला कुणी अडवत नव्हतं. कधी साक्षीदार गैरहजर, कधी साहेबांची बदली, कधी वेळच संपला. दिवसभर लिंबाखाली बसायचं, पुकारा ऐकायला कान लावायचे आणि पुढची तारीख घेऊन यायचं. आत्याबाईंनी एकही तारीख चुकवली नाही. एकदा तापानं फणफणल्या होत्या, तरी गोधडी पांघरून आल्या.

दुष्काळ सरून दोन सुग्या झाल्या असतील. एका तारखेला आम्ही गेलो, भाकरी बांधून, पहिल्या गाडीनं. दुपार झाली तरी पुकारा झाला नाही, म्हणून मी आत जाऊन कारकुनाला विचारलं. त्यानं वही चाळली.

"तुमचा खटला सरकारनं काढून घेतला. मागच्या महिन्यातच."

"आम्हाला कुणी कळवलं नाही."

"कळवायचं कशाला? संपलाय ना," तो म्हणाला.

मी बाहेर आले. लिंबाखाली बसलेल्या आत्याबाईंना सांगितलं. मला रडू येत होतं आणि ते आनंदाचं नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं, फडक्यातली भाकरी सोडली, अर्धी माझ्या हातावर ठेवली.

"खा," म्हणाल्या. "गाडी तिनाला हाय. आलोच हाय तर बाजार करून जाऊ."