गवती चहा आणि मांजरीवरचा आळ

इतकी वर्षं कुणाला बोललो नाही, आज सांगून टाकतो. मुलुंडला आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक मालवणी आजोबा राहायचे. त्यांचं नाव विचारायची हिंमत झाली नाही, कारण रोज सकाळी दूध आणताना मी त्यांनी रंगाच्या रिकाम्या डब्यात लावलेला गवती चहा चोरायचो. दोनच पाती. आळ यायचा त्यांच्या मांजरीवर. लुंगी खोचून, कमरेवर हात ठेवून ते तिला झापायचे आणि ती निवांत पंजा चाटत बसायची.

एकदा घाईत पात ओढली आणि तिच्या धारेने माझं बोट कापलं. दुसऱ्या दिवशी आजोबा माझ्या बोटावरच्या पट्टीकडे बघत मांजरीला म्हणाले, "गो बाय, पात वढू नको, बोट कापता. कातरीन काप. बुडाकडे चार बोटा ठेव, म्हणजे परत फुटता."

संध्याकाळी डब्याला सुतळीने कात्री बांधलेली दिसली.

मग काय, सगळी बिल्डिंगच कापायला लागली. चार दिवसांत डबा बोडका. आता झाड मरणार म्हणून घाबरून ती कात्री मी गुपचूप घरी आणली. अजून आमच्या स्वयंपाकघरात आहे.

कात्री गायब झाली त्या दिवशी मांजरीला फारच बोलणी बसली. तीही तिला थेट आमच्या खिडकीखाली आणून.