बोटीवर फोडलेला नारळ

शेषरावमामांनी आपली ओळख करून द्यायचं काम दुसऱ्या कोणासाठी ठेवलेलं नाही. नवा माणूस ओट्यावर टेकला की ते स्वतःच सुरू होतात. “मी पूर्णेवरच्या मोटारबोटीचा कप्तान. पानी पाहून पयालेला पह्यला कप्तान. नीट पाहून घ्या, असा मानूस पुन्हा भेटनार नाही.”

माणूस हसतो. मामा त्याच्याहून मोठ्यानं हसतात. मामी आतून म्हणतात, “झालं सुरू.”

ते बोटीतून पळाले त्या दिवशी मी त्याच बोटीत होते. म्हणून मला ती गोष्ट त्यांच्यापेक्षा थोडी वेगळी ठाऊक आहे.

मामा नांदुऱ्याच्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, इंजिनवाले. आयुष्य इंजिनाच्या धडधडीत गेल्यामुळे हळू बोलणं त्यांना येत नाही. मामींच्या कानात काही सांगितलं तरी ते शेजारच्या गोठ्यापर्यंत जातं. अंगानं भरदार, मिशा तेल लावून बसवलेल्या, आणि हाताला घासलेटाचा वास, तो सणासुदीच्या दिवशीही जात नाही. पावसाळ्यात जिन बंद असतं. तेव्हा मामा पूर्णेच्या अलीकडच्या काठावरच्या आमच्या गावी येऊन राहतात आणि गावात ज्याचं जे बिघडेल ते दुरुस्त करतात. काही गोष्टी दुरुस्तीनंतर जास्त बिघडतात. तेही मामाच सांगतात.

लढाईचे दिवस होते. आमच्या महादेवराव पाटलांनी मुंबईहून एक जुनी मोटारबोट विकत आणली. पुरात गाव तुटतं, भोयांचा डोंगा चालत नाही, तेव्हा गावाची सोय व्हावी, असं ते म्हणत. पलीकडच्या गावच्या पाटलाकडे मोटारगाडी होती, हे ते म्हणत नसत. बोट रेल्वेच्या उघड्या वाघिणीतून नांदुऱ्याला उतरली आणि दोन बैलगाड्या एकमेकींना बांधून नदीवर आली. निळा रंग नवा होता. रंगाखालचं लाकूड किती पावसाळे पाहून चुकलंय, हे कोणी विचारलं नाही.

इंजिन समजणारा माणूस गावात एकच होता. पाटलांनी मामांना बोलावलं.

“शेषराव, पोहता येते ना?”

“पाटील, मी काय नदीत जाऊन राह्यलो? मी बोटीत जाऊन राह्यलो.”

पाटलांना हे उत्तर पटलं. मामांना पोहता येत नाही हे साऱ्या गावात फक्त मामींना ठाऊक होतं. लग्नानंतरच्या उन्हाळ्यात गावची माणसं विहिरीत उड्या मारत होती, तेव्हा मामा वरच्या पायरीवर बसून तांब्यानं अंघोळ करत होते, ते त्यांनी पाहिलं होतं. त्या कोणाला बोलल्या नाहीत. फक्त एवढंच म्हणाल्या की त्या निळ्या पेटाऱ्यात मी काही पाय ठेवणार नाही.

भादव्यात निरोप आला. पलीकडच्या काठावर मामींची आई, रुखमाबाई, तापानं पडली होती. अन्न सोडलं होतं, आणि कौसल्येला, म्हणजे मामींना, पाठवा एवढंच म्हणत होती. नदी दोन्ही थड्या भरून चालली होती. भोयांनी डोंगा वर ओढून ठेवला होता. मामींनी निरोप ऐकला, लुगडं बदललं, आणि मामांना म्हणाल्या, “काहाडा तुमचा पेटारा.”

सोबतीला मला घेतलं. मी त्या साली नागपूरहून एम.ए. होऊन घरी बसले होते आणि आमच्या घरात रिकामं माणूस म्हणजे मी.

बोट पहिल्यांदाच माणसं घेऊन पार जाणार, म्हणून पाटील स्वतः निघाले. त्यांच्या सूनबाई विमलबाई यांचं माहेर पलीकडेच होतं, त्याही निघाल्या. गफ्फार पिंजारी आपली धनुकली आणि पिंजलेल्या कापसाचं मोठं गाठोडं घेऊन आला. पलीकडे एका लग्नघरी गाद्या भरायच्या होत्या. आणखी दोनतीन माणसं केवळ मोटारबोटीत बसलो होतो असं सांगता यावं म्हणून चढली.

निघण्याआधी नारळ फोडायचा होता. आणि इथे आमच्या मुलखाची अडचण आली. पूर्णेच्या काठचा आमचा भाग सगळा काळ्या मातीचा. कोसभर चाललात तरी हाताशी धरावा असा दगड मिळायचा नाही. देवळापुढचा एक दगड आहे, पण तो देव आहे. मामांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि नारळ बोटीच्या नाकावरच हाणला.

नारळ फुटला नाही. लोक हसले. मामांनी पुन्हा हाणला, तरी फुटला नाही. मग त्यांनी बाह्या सारल्या आणि इंजिनचं हँडल फिरवणाऱ्या माणसाला शोभेल असा घाव घातला. नारळ फुटला. आत कुठेतरी लाकूडही कुरकुरलं. मला ते ऐकू आलं होतं, पण तेव्हा मी पुराचं पाणी तांबूस म्हणावं की मातकट, याचा विचार करत होते.

बसण्याची रीत ठरलेलीच होती. मानाची माणसं पुढे, बायका मागे. पाटील अगदी पुढच्या फळीवर, त्यांच्या मागे गफ्फार आणि बाकीचे. आम्ही बायका मागे, इंजिनाच्या धुरात. मामी सगळ्यांत शेवटी, मामांच्या सुकाणूला लागून, पाण्याकडे न पाहता आपल्याच पायाच्या अंगठ्याकडे बघत बसल्या.

पाव नदी ओलांडली असेल. पाटील म्हणाले, “शेषराव, इथं ओलं लागून राह्यलं.”

“नारयाचं पानी हाये, पाटील. तीर्थच म्हना.”

पाटलांनी हाताचं बोट बुडवून कपाळाला लावलं. थोड्या वेळानं ते पुन्हा म्हणाले, “तीर्थ वाढून राह्यलं.”

मामी अंगठ्यावरची नजर न काढता म्हणाल्या, “एका नारयात इतकं पानी?”

मग गफ्फारनं बोट बुडवून जिभेला लावलं. “पाटीलसाहेब, हे नारय नाही. ही नदी हाये.”

मामांनी सुकाणू मामींच्या हातात दिलं, “फक्त धरून ठेव, हलवू नको,” असं म्हणाले, आणि पुढे धावले. नारळ बसला होता त्याच्याखालची फळी शेजारच्या फळीपासून सुटली होती आणि त्या फटीतून पाणी शांतपणे आत येत होतं, जसं एखाद्या घरात माहितीचं माणूस न विचारता येतं. (हे वाक्य मला तेव्हाच सुचलं. मी तांब्यानं पाणी उपसत होते आणि वाक्य जमवत होते. तांब्या अर्धाच भरत होता.)

मामांनी डोक्याचा फेटा सोडून फटीत कोंबला आणि वर स्वतः बसले. सगळे बघायला पुढे सरकले. जितके पुढे सरकले तितकं बोटीचं नाक खाली गेलं आणि पाणी फेट्याच्या कडेनं जोरात यायला लागलं.

“जोर द्या बे, जोर द्या!” मामा ओरडले. आणखी दोघे त्यांच्या शेजारी येऊन बसले. पाणी पाटलांच्या जोड्यांवरून गेलं.

“परत फिरवा,” पाटील म्हणाले.

मामांनी मागे पाहिलं. गाव जितकं मागे, तितकाच पलीकडचा काठ पुढे. परत फिरलं तर बोट आज पुन्हा निघणार नव्हती, कदाचित कधीच नाही. आणि पलीकडे रुखमाबाई वाट पाहत होती.

तेव्हा मामी बोलल्या. ओरडल्या नाहीत. दोन्ही हातांनी सुकाणू धरलेलं, मान खाली, आणि फक्त “अहो” एवढंच.

मामा उठले. फेटा तसाच टाकला, पाटलांच्या पायावरून, गफ्फारच्या गाठोड्यावरून तुडवत ते मागे गेले आणि मामींच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी मामींचं मनगट धरलं. सगळ्यांसमोर. पाटलांसमोर. आमच्याकडे नवराबायको एका गाडीत बसले तरी मध्ये पिशवी ठेवतात.

ते एकटेच मागे गेले, पण ते एकटे म्हणजे दोघांएवढे. नाक वर उचललं गेलं. गफ्फार पुढे वाकून बघत होता, तो ओरडला, “अरे मिस्त्री! पानी कमी झालं ना!”

मामांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे, आणि हात पटकन सोडला. मग त्यांच्या लक्षात आलं. “मागं या! सगळे मागं या! नाक पान्याच्या वर येते, पाहा!”

माणसं मागे यायला लागली. पाटील मात्र फळीवर ताठ बसून राहिले.

“पाटील, या ना!”

“कसा येऊ? तिथं सूनबाई हायेत.”

खरंच होतं. मागे जागा इतकी थोडी की पाटील आले तर त्यांना विमलबाईंना खेटून बसावं लागणार. विमलबाईंनी पदर कपाळाच्या खाली ओढला, तोंड माझ्याकडे फिरवलं आणि सासऱ्यांना ऐकू जाईल इतक्या स्वरात मला म्हणाल्या, “मामाजीले सांगा, मी डोये मिटते. त्याईनं यावं.”

मी निरोप सांगितला. पाटलांच्या नि आमच्यात चार हातांचं अंतर होतं, पण निरोप सांगावा लागतो.

पाटील आले. विमलबाईंच्या शेजारी, नदीकडे तोंड करून, धोतर आवरून बसले. विमलबाईंनी डोळे जे मिटले ते पलीकडचा काठ लागेपर्यंत उघडले नाहीत. पूर ओलांडून माहेरी गेलेली आणि पूर न पाहिलेली आमच्या गावात ती एकच बाई.

आता नाक इतकं वर आलं की फट पाण्याच्या वर दिसायला लागली. मामांनी गफ्फारकडे पाहिलं. गफ्फारनं आपल्या गाठोड्यावर हात ठेवला.

“नाही मिस्त्री. हे लग्नघरचं हाये.”

“गफ्फारभाई, बुडलो तर त्या गादीवर कोन निजन?”

गफ्फारनं गाठोडं सोडलं आणि कापूस काढताना प्रत्येक मुठीला एक शिवी दिली. शिवी बोटीला होती, की मामांना, की नारळाला, ते कळलं नाही. तेल घालायच्या बुदलीतून तेल ओतून मामांनी कापूस भिजवला, गफ्फार हलका म्हणून पुढे सरपटत गेला आणि धनुकलीच्या दांड्यानं तो फटीत ठासला. पाणी थेंब थेंब राहिलं.

एक अडचण उरली. नाक वर आणि सगळी माणसं मागे, सुकाणू पुन्हा हाती घेतलेल्या मामांच्या समोर दाटलेली. त्यांना पुढचं काही दिसेना. “डावीकडे!” “अरे उजवीकडे!” असं सगळे एकदम सांगत होते आणि मामा सगळ्यांचं ऐकत होते. शेवटी बोट घाटाच्या बरीच खाली जाऊन कोणाच्या तरी ज्वारीत शिरली आणि तिथे थांबली. ज्वारीवाला धावत आला. पाटलांना ओल्या धोतरात ज्वारीतून उतरताना पाहून त्यानं शिव्या गिळल्या आणि रामराम घातला.

चिखलातून चालत आम्ही रुखमाबाईकडे पोचलो तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून निजली होती. मामींनी ओल्या लुगड्यानंच तिच्या कपाळावर हात ठेवला. म्हातारीनं डोळे उघडले. “इतकी ओली काऊन वं?”

मामींनी पदर तोंडाला लावला. नदीत धरून ठेवलेलं सगळं आता येऊ बघत होतं. तेव्हा मामा पुढे झाले, खाटेजवळ बसले आणि आपल्या जिनातल्या आवाजात सांगायला लागले. नारळ कसा फुटेना, पाटलांनी नदीचं तीर्थ कसं कपाळाला लावलं, सूनबाईंनी डोळे कसे मिटले. आणि मग: “मी कप्तान! आन् पानी पाहून मीच पह्यला पयालो! पाटलाच्या पायावर पाय देऊन पयालो!”

म्हातारी हसली. हसता हसता खोकली, आणि खोकला थांबल्यावर पुन्हा हसली. “पयाले? जावाई, तुमी पयाले?”

“असा पयालो म्हनता! मागं पाह्यलं नाही!”

मी तोंड उघडणार होते. ते पळाले नव्हते, हे मी पाहिलं होतं. पण मामांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मी गप्प बसले. आमच्याकडे पाण्याला भिऊन पळालेल्या माणसाला लोक हसतात आणि विसरतात. चारचौघांत बायकोचा हात धरलेला मात्र कोणी विसरत नाही.

म्हातारीनं पेज मागितली. तिच्या सुनेनं वाटी आणली. दोन घोट घेऊन ती म्हणाली, “पुन्हा सांगा जावाई, ते पयाले ते.”

मामांनी पुन्हा सांगितलं. या वेळी ते जास्त घाबरले होते आणि जास्त जोरात पळाले होते. वाटी निम्मी झाली.

“पन पयाले कुठं?” म्हातारीनं विचारलं. “नदीत मानूस पयून जाते कुठं?”

“मागं. बोटीच्या मागच्या टोकाले.”

“तिथं काय होतं?”

मामांनी मिशीवरून हात फिरवला, माझ्याकडे पाहिलं, आढ्याकडे पाहिलं. मामी दारात उभ्या राहून लुगड्याचा पदर पिळत होत्या. पदरातून आता पाणी निघत नव्हतं, तरी त्या पिळत राहिल्या.

“इंजिन होतं,” मामा म्हणाले.

म्हातारीनं मामींकडे पाहिलं, मग जावयाकडे, आणि वाटी पुढे केली. “घाल वं आनखीन,” ती सुनेला म्हणाली.