तळाशी गेलेला मेल

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट जमलं नाही. मी चौथीपर्यंत शिकले. पुढची शाळा नाल्यापलीकडे होती, तिथे कोणी धाडलं नाही. हे मी कोणाला दाखवायला लिहीत नाही. पण एखाद्या दिवशी मुलीच्या हाती लागेल आणि तिला वाचताना त्रास होईल, म्हणून माफी मागून ठेवते. कागद मिलमधले आहेत. दोन्ही कडांना भोकं असलेले लांब कागद, एका बाजूला कट्ट्यांचा, म्हणजे तांदळाच्या पोत्यांचा, हिशेब छापलेला. दुसरी बाजू कोरी असते. तिच्यावर लिहिते आहे.

करडी गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची राइस मिल आहे. आमची म्हणजे शेठची. पण मी तिथे झाडझूड करते, चहा ठेवते, आणि आमचे हे तिथे मशीनवर होते, म्हणून आमची म्हणायची सवय लागली. ऑफिसात मुनीमजींच्या टेबलावर एक कम्प्युटर आहे. फार जुना. त्याची काच मागून पाण्याच्या गुंडासारखी फुगलेली, डबा पिवळा पडलेला. दुसरा कम्प्युटर वजनकाट्याच्या खोलीत. दोघांच्या मधून एक वायर जाते. इंटरनेटचा डबा काट्याच्या खोलीत आहे, त्यामुळे मुनीमजींना मेल पाठवायचा असला की तो त्या वायरीतून आधी काट्याकडे जातो आणि मग बाहेर. हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. नंतर इतक्या वेळा ऐकलं की पाठ झालं.

दिवाळीनंतर नवं धान यायला लागलं आणि ह्यांचा उजवा हात मशीनच्या पट्ट्यात गेला.

नागपूरच्या दवाखान्यात पहिलं ऑपरेशन झालं. हाड बसलं. डॉक्टर म्हणाले, आता दुसरं ऑपरेशन नसांचं. ते होळीच्या आत करा. उशीर झाला तर बोटं आखडतील, मग कोणी काही करू शकणार नाही.

पहिल्या ऑपरेशनला मी बचत गटाचे पैसे उचलले. त्यात माझ्या शेजारणीचेही होते. तिला त्या पैशांतून घरावर पत्र्याच्या टिना टाकायच्या होत्या. ती म्हणाली, घेऊन जाय, माणूस मोठा की टिना मोठ्या. शेठने कामगारांचा विमा काढलेला होता. झालेला खर्च त्यातून मिळणार होता आणि दुसऱ्या ऑपरेशनची मंजुरीही तिथूनच यायची होती. मंजुरी आल्याशिवाय दवाखाना भरती करून घेणार नव्हता. मिलने कागद पाठवायचे, नागपूरच्या विम्याच्या ऑफिसाने मंजुरी द्यायची, एवढंच काम होतं.

कागद मिलच्याच ईमेलवरून यायला हवे, असा त्यांचा नियम. मोबाइलवरून पाठवलेले चालत नव्हते. आणि मिलचा ईमेल फक्त त्या पिवळ्या डब्यातच उघडायचा. त्याचा पासवर्ड आधीच्या मुनीमजींनी टाकला होता. ते वारले. बदलायचा म्हटलं तर कोड त्यांच्याच जुन्या नंबरवर जायचा. पासवर्ड कम्प्युटरला पाठ होता, माणसांत कोणालाच नाही.

पहिल्यांदा मेल गेलाच नाही. काचेवर मेलची ओळ तशीच बसून राहिली. मुनीमजींनी तुमसरहून कम्प्युटरवाल्या भाऊंना बोलावलं. ते चार दिवसांनी आले, दुपारी, जेवून.

"मुनीमजी, हा डबा तं म्युझियममध्ये द्या. तिकीट लावून दाखवतीन लोक."

"चालते तोवर चालते."

"चालून नाही राहिला म्हणून तं मले बोलावलं ना!"

ते वायरीच्या मागे मागे भिंतीने रांगत गेले आणि कोंड्याच्या पोत्यांमागून एक तुकडा ओढून काढला. उंदरांनी कुरतडलेला. "इतकं धान पडून आहे मिलात, अन् ह्याईले प्लास्टिक गोड लागते," असं म्हणून त्यांनी नवी वायर टाकली. मी बॅटरी धरून उभी होते. मुनीमजींनी बटण दाबलं. ओळ नाहीशी झाली.

"गेला वहिनी," मुनीमजी म्हणाले. "पाहा, गेला."

मी घरी येऊन ह्यांना सांगितलं, गेला. ह्यांनी हात उशीवर ठेवला होता. म्हणाले, "आता आठ दिवसांत येईन मंजुरी."

पंधरा दिवस झाले. मुनीमजींनी नागपूरला फोन लावला. तिकडे एक मॅडम होत्या. त्या म्हणाल्या, आमच्याकडे तुमचा मेल दिसत नाही. मुनीमजींनी परत पाठवला. परत गेला. परत दिसला नाही. मुनीमजी फोनवर मोठ्याने बोलायला लागले. मॅडमही मोठ्याने बोलायला लागल्या. मी दाराबाहेर झाडू घेऊन उभी. आत जाऊन आपण दोन शब्द बोलावे असं वाटायचं, पण माझा आवाज चार माणसांत निघत नाही.

भाऊ दुसऱ्यांदा आले तेव्हाही दुपारच होती. त्यांनी काट्याच्या खोलीतला लाल-हिरव्या दिव्यांचा इंटरनेटचा डबा उघडला. आत बोटभर कोंडा. त्यांनी तो बदलला. मग मुनीमजींच्या कम्प्युटरवरून स्वतःच्या मोबाइलला एक मेल पाठवून पाहिला. मोबाइल लगेच वाजला.

"ऐकलं? तुमच्याकडून सब बरोबर हाये. नागपूरवाले झोपून राहिले."

तेव्हापासून मिलमध्ये ठरून गेलं की चूक नागपूरची. मुनीमजी आठवड्यातून एकदा मेल पाठवायचे. अगदी न चुकता. चांगले माणूस. मला नागपूरला जायला भाडंही त्यांनीच दिलं. मी कागद घेऊन गेले. खिडकीतला माणूस म्हणाला, हातात दिलेले कागद आम्ही चढवू शकत नाही, मेल करा. मी म्हणाले, केला. तो म्हणाला, आला नाही. मी कागद गोळा केले आणि मागच्या माणसाला जागा दिली.

होळी झाली. ह्यांची बोटं आत वळायला लागली होती. मी रोज तेल लावून एकेक बोट सरळ करायची. सोडलं की हळूहळू परत वळायचं. हे दुसरीकडे पाहायचे.

विहारासमोरच्या ओट्यावर गटाची बैठक भरायची. बायांना सगळं माहीत होतं.

"काऊन वो, तुह्या मेल कुठवर गेला?"

"नागपूरच्या अर्ध्या वाटेत, मौद्यापर्यंत गेला असन. पायी निघाला हाये ना."

हसायच्या. मीही हसायची. शेजारीण आधी हसत नव्हती. मग एकदा तीही बोलली, "पाणी लागाच्या आत टिना टाकाच्या होत्या मले. तुले मी नाही म्हणून नाही राहिली. पण सांग तं, कवा?"  त्या रात्री तिने आमच्या घरी भाजी धाडली नाही. एरवी धाडायची.

उन्हाळी धान सुरू झालं आणि एका दिवशी वजनकाट्याचा कम्प्युटर बंद पडला. रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग लागली. शेठने तुमसरला फोन केला आणि भाऊ पहाटेच्या पहिल्या गाडीने आले. ह्यांच्या हातासाठी ते आपल्या सवडीने यायचे. काट्यासाठी ऑफिस उघडायच्या आधी येऊन पायरीवर बसले होते. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. जसं झालं तसं लिहिते.

आमच्या मिलमध्ये एक रीत आहे. कधीकाळी शॉर्टसर्किट होऊन कोंडा पेटला होता, तेव्हापासूनची. संध्याकाळी मुनीमजी अगरबत्ती फिरवतात, मेन स्विच खाली ओढतात आणि त्याला हात जोडतात. सकाळी आधी हात जोडतात, मग स्विच वर करतात. रात्रभर मिलमध्ये विजेचा थेंब नसतो. त्या दिवशीही मुनीमजींनी स्विच वर केला आणि कम्प्युटर लावला. तो पी पी करून वाजला. काळ्या काचेवर इंग्रजी ओळी आल्या. मुनीमजींनी न पाहता वरचं एक बटण दाबलं आणि चष्मा पुसायला घेतला.

"थांबा, थांबा!" भाऊ दारातून ओरडले. "का दाबलं तुम्ही?"

"एफ वन."

"काहून?"

"रोजच दाबतो."

"रोज? कवापासून?"

"मी आलो तवापासून. पहिलेच्या मुनीमजीनं शिकवलं. सकाळी त्याले नमस्कार करा लागते, नाही तं उठत नाही तो."

भाऊ खुर्चीवर बसले. त्यांनी कम्प्युटर बंद करून परत लावला आणि त्या इंग्रजी ओळी बोट ठेवून वाचल्या. मग कोपऱ्यातल्या घड्याळावर दोनदा टिचकी मारली. एक कॅलेंडर उघडलं.

"मुनीमजी, तुमच्या डब्यात आज कोणतं साल सुरू आहे पाहा. तुमचं लग्न तरी झालं होतं का तवा?"

मुनीमजींनी चष्मा लावून पाहिलं. 

भाऊंनी सांगितलं ते मला असं कळलं. त्या डब्यात बटणाएवढा एक सेल असतो. वीज नसली तरी तारीख ध्यानात ठेवायचं काम त्याचं. तो सेल कधीच मेला होता. त्यामुळे मेन स्विच खाली गेला की कम्प्युटर सगळं विसरायचा आणि रोज सकाळी त्याच एका जुन्या दिवशी उठायचा. ते तो ओरडून सांगत होता आणि मुनीमजी बटण दाबून त्याला गप्प करत होते. हिशेबाची तारीख मुनीमजी हाताने टाकायचे, वेळ भिंतीवरच्या घड्याळात पाहायचे, म्हणून कोणाचं काही अडलं नाही. मेलवर मात्र कम्प्युटर आपली तारीख मारायचा. नागपूरला मेल पोहोचत होते. तिथे तारखेप्रमाणे लागत होते, म्हणजे सगळ्यात खाली, वर्षानुवर्षांच्या ढिगाखाली.

"मी दुपारचा येत होतो," भाऊ म्हणाले. "तोवर तुम्ही ते दाबून मोकळे. अन् माह्या मोबाइलमध्ये जो आधी येते तो वर दिसते. घड्याळ चुकलं हे पाह्यलं होतं मी. तास पाह्यला. साल नाही पाह्यलं."

बाहेर ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवत होते. भाऊंनी आधी नागपूरला फोन लावला आणि मोबाइल टेबलावर ठेवला.

"मॅडम, मेल उघडा अन् जरा खाली जा."

"किती खाली?"

"जिथवर खाली आहे तिथवर जा."

बराच वेळ नुसता खटखट आवाज आला. आमच्यासारखाच जुना डबा असावा त्यांचाही.

"अहो, हे तर..." मॅडम म्हणाल्या आणि थांबल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "आहेत. सगळे आहेत. पहिल्यापासूनचे सगळे."

खोलीत कोणी कोणाकडे पाहिलं नाही. इतके महिने मुनीमजी म्हणत होते गेला, मॅडम म्हणत होत्या दिसत नाही, आणि दोघंही खरं बोलत होते. मला कोणाचा तरी राग यावा असं फार वाटत होतं. मी झाडलेलीच जागा परत झाडली. भाऊंनी नवा सेल बसवला. दोन नारळांच्या भावातही मिळतो म्हणाले. जुना खाली पडला, तो मी केरात भरला.

मंजुरी त्याच आठवड्यात आली. आम्ही नागपूरला गेलो. डॉक्टरांनी ह्यांचं एकेक बोट धरून दाबलं, सुई टोचून विचारलं, लागते का. हे म्हणाले, थोडं थोडं. पण मी पाहत होते, सुई टोचली तेव्हा ह्यांचे डोळे हलले नाहीत.

डॉक्टरांनी हात खाली ठेवला. "आता उपयोग नाही," म्हणाले. "कुठे होतात इतके दिवस?"

 काय सांगणार, मेल खाली गेला होता म्हणून?

गाडीत हे खिडकीपाशी बसले. भंडारा मागे पडलं. पुलावर वैनगंगा दिसली तेव्हा म्हणाले, "मुनीमजी पाठवत होते ना बरोबर?"

"हो जी. दर आठवड्याले."

"मंग त्याईले काही म्हणू नको."

मी काय म्हणणार होते? मी कधी कोणाला काही म्हटलं आहे? पण ह्यांना वाटलं असेल की एवढ्यावर तरी मी बोलेन. घरी आल्यावर ह्यांनी डाव्या हाताने पायजम्याची नाडी बांधायचा प्रयत्न केला. मी पुढे झाले तर म्हणाले, "राहू दे. शिकू दे." बराच वेळ लागला. मी चुलीकडे तोंड करून बसले.

शेजारणीने तो पावसाळा ताडपत्रीखाली काढला. आमच्या घरापर्यंत तिच्या भांड्यांत पडणाऱ्या पाण्याचा आवाज यायचा. गळती वाढली की ती भांडं बदलायची, ते मला झोपेतही कळायचं.

पोळा झाल्यावर विम्याचे पैसे आले. ऑपरेशनचा खर्च आणि हात गेल्याच्या भरपाईचे म्हणून वेगळे. हे शेठच्या ऑफिसात सही करायला गेले. सही जमली नाही, तेव्हा मुनीमजींनी ह्यांच्या डाव्या अंगठ्याला शाई लावली. आमचे हे सातवी शिकलेले आहेत. माझ्यापेक्षा चांगलं अक्षर होतं त्यांचं. मुनीमजींनी ओल्या फडक्याने ह्यांचा अंगठा स्वतः पुसला, आणि शाई निघाली तरी पुसत राहिले.

मिलमध्ये मेन स्विच अजूनही रोज खाली जातो. पिवळा डबा तसाच आहे. सकाळी आता तो वाजत नाही, थेट सुरू होतो. मुनीमजींचं बोट मात्र त्या बटणापर्यंत जातं आणि थांबतं, हे मी पाहिलं आहे.

पैसे आले त्याच आठवड्यात गटाची बैठक होती. मी व्याजासकट सगळे घेऊन गेले. त्या दिवशी कोणी मेलची गंमत केली नाही. अध्यक्षबाईंनी पैसे मोजून शेजारणीचे वेगळे काढले आणि तिच्या हाती ठेवले. तिने ते न मोजता पदराला बांधले.

"भाऊजी कसे हायेत?" तिने विचारलं.

"डाव्या हातानं नाडी बांधतात आता," मी म्हणाले.

ती मान हलवत राहिली. मग अध्यक्षबाईंनी माझ्या नावापुढे रेघ ओढली आणि म्हणाल्या, "झालं बाई, तुह्याकडे काही नाही आता." गटाचे पैसे पूर्ण फिटले.