पाणीवाला खडा

आमचे मापारीकाका रस्त्याने चालत तेव्हा मान कायम खाली. लोकांना वाटे, काय हा विनय! काका गोटे बघत असत. मोर्णेच्या पात्रातून त्यांनी इतके गोटे घरी आणले, की नदीची धार आमच्या गल्लीकडे वळली होती, हे मी शपथेवर सांगतो.

वर्षं कापसाची होती. विलायतेला आमचा कापूस असा काही हवाहवासा झाला होता, की जुन्या शहरातली कुत्रीसुद्धा जिलबी हुंगून सोडून देत. काका बाजारात कापूस तोलायचे. मनात आणते तर माडी बांधते. पण तोलाई उरकली की ते घरी येऊन साण फिरवत. लाखेत कुरुंदाची पूड घालून केलेलं ते चाक; त्यावर पाणी शिंपडायचं आणि गोटा घासत बसायचं. म्हणत, "कापूस काय, दरसाल येते. हा गोटा एकदाच झाला."

आगगाडीसाठी जमीन खोदत होते, तिथे त्यांना लिंबाएवढा अकीकाचा खडा सापडला. हलवला की आत पाणी डुचमळे. काकींची दृष्टी कधीच गेली होती. त्या तो खडा कानाशी धरून बसत आणि स्वतःशीच हसत. त्यांना हसताना मी तेव्हाच पाहिलं.

एक दलाल ओट्यावरून ओरडला, "गोट्यात पाणी? मंग माह्या कापसाच्या गाठीत समुद्र आहे, मापारी!" काकांना ते झोंबलं. खडा घासून पातळ करायचा आणि आतलं पाणी जगाला दाखवायचंच!

"मले आयकू येते ना जी? लोकायले कायले दाखवता?" काकी म्हणाल्या.

काका घासत राहिले. खडा नखासारखा पातळ होऊन आत थेंब हलताना दिसला, तेव्हा निम्मं अकोलं अंगणात होतं, उरलेलं भिंतीवर. दलालाने कान धरले. "हारलो, काका. ठेवा आता."

"थांब, अजून एक हात. मंग पाहाजो चमक!"

त्या एका हाताने खड्याला केसाएवढं भोक पडलं. साण आधीच ओली. काका तिच्यावरच्या चिखलात बोटं फिरवत राहिले; दगडातलं पाणी कोणतं आणि घागरीतलं कोणतं, ते निवडता येईना.

गर्दी पांगली. काकींसाठी काकांनी बहाणे जुळवून ठेवले: खडा हरवला, चोरीला गेला, दलालाने मागून नेला. पण काकींनी आतून सगळं ऐकलं असावं. त्यांनी तो खडा पुन्हा मागितलाच नाही.

त्या गेल्यावर काका एकदा मला म्हणाले, "शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं, बाबू. मी वाट पाहून राहिलो होतो."