बॅगेत काय काय होतं

माझी बायको विमान पडून गेली. उतरता उतरता पडलं. चाकं जमिनीला लागली होती, असं टीव्हीवर दाखवतात. मग ते पट्टी सोडून बाजूच्या खड्ड्यात गेलं आणि मागून जळालं. लेकीच्या बाळंतपणाला चालली होती. विमानात पहिल्यांदाच बसली होती. मी अजून बसलो नाही, आता बसायचं कामही नाही.

मी कूलर दुरुस्त करणारा माणूस, चौथी शिकलेला. विमानातलं मला काही कळत नाही. पण ज्यांना कळत नव्हतं तेच सगळे बोलत होते, म्हणून मीही ऐकत होतो.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चौकातल्या चहाच्या टपरीवर गेलो. घरी चहा करणारं कोणी नव्हतं, एवढंच कारण. बाकावर नेहमीचे दोघं होते. एक सरकारी बसवरून रिटायर झालेला ड्रायव्हर. दुसरा किराणावाला, त्याचा भाचा विमानतळाजवळच्या मिहानात विमानं दुरुस्त करतात तिथे कामाला आहे. भाचा तिथे नट कसतो की झाडू मारतो, हे त्यानं कधी सांगितलं नाही. मला पाहून दोघंही चूप झाले.

"माझ्याकडे काय पाहून राहिले?" मी म्हटलं. "बोला ना. सारा देश बोलून राहिला."

ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, मी तर म्हणतो बिरेक. ओल्या रोडवर दाबला की घसरतेच गाडी. मी पस्तीस वर्सं चालवली."

"तुही बस अन् विमान एक आहे का बे?" किराणावाला म्हणाला. "तुह्या बसले तर बिरेकच नव्हते."

"एक पॅसेंजर नाही मेला माह्या हातानं."

"सारे मधातच उतरून पायी जात होते, मरतील कसे?"

चहावाला हसला आणि माझ्याकडे पाहून थांबला. मला हसू आलं नाही, रागही आला नाही. चहा फार गोड होता, एवढं आठवतं.

रोज नवं कारण निघायचं. एक दिवस पक्षी. एक दिवस वारा. एक दिवस पायलटची झोप झाली नव्हती. कोणीतरी मोबाइलवर बाण काढलेला व्हिडिओ दाखवायचा, की इथून वळवायला पाहिजे होतं. मी पाहून घ्यायचो. सरकारी माणसं म्हणत होती, चौकशीला वेळ लागेल. टपरीवर अर्ध्या कपात काम होत होतं.

मग एका सकाळी किराणावाला म्हणाला, "भाचा सांगे, मागून जळालं म्हणजे सामानातूनच आग लागली. कोणाच्या तरी बॅगेत सुकं खोबरं असन. तेल असते त्यात. विमानात चालतच नाही ते."

"घ्या! आता खोबऱ्यानं विमान पाडलं," ड्रायव्हर म्हणाला. "मंग तुहं दुकान काहून उभं आहे गा अजून? पोतं भरून आहे ना तुह्यापाशी?"

सगळे हसले. मी कप खाली ठेवला आणि घरी आलो.

खोबरं मी ठेवलं होतं.

मीच इतवारीच्या बाजारातून आणलं होतं, अर्धा किलो. खवट नको म्हणून एकेका वाटीचा वास घेतला होता. बाळंतिणीला डिंकाचे लाडू लागतातच, आणि पोरगी राहते त्या शहरात चांगलं खोबरं मिळत नाही. बॅग भरणं चालू होतं तेव्हा वरच्या मजल्यावरची बाई सांगून गेली, की विमानात सुकं खोबरं नेऊ देत नाहीत. हिनं लगेच काढून कपाटावर ठेवलं.

"राहू द्या. तिकडचंच घेऊ."

"खोबरं का बाँब आहे वं?" मी म्हटलं. "लेकीले खवट खाऊ घालशील?"

"तुम्ही चूप राहा. चार लोकांत बॅग उघडून दाखवा लागन मले."

ती आंघोळीला गेली. मी खोबरं फडक्यात बांधलं, हिरव्या लुगड्याच्या घडीत दाबलं आणि चेन लावली. तिकडे बॅग उघडल्यावर म्हणेल, ऐकलं नाहीच या माणसानं. एवढंच मनात होतं.

विमानतळावर मला आत सोडलं नाही. आत बॅग घेताना विचारतात म्हणे, लायटर आहे का, खोबरं आहे का. तिलाही विचारलं असेल. ती नाही म्हणाली असेल. सीटवर बसली की एक मिस्ड कॉल द्यायचा, असं ठरलं होतं. तिनं दिला. उचलायचा नाही हेही ठरलं होतं. मी उचलला नाही.

मशीनमध्ये दिसलं असेल आणि कोणी काढून फेकलं असेल, असंही होऊ शकतं. नसेलही. मला कोण सांगणार?

टपरीवरून उठून आलो त्या दुपारी मी किराणावाल्याकडून खोबऱ्याची एक वाटी आणली. "लाडू करून राहिले का?" त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. घरी येऊन एक तुकडा चिमट्यात धरला आणि गॅसवर नेला. पेटला. चिमटा बाजूला घेतला तरी जळत राहिला, तेल गळत राहिलं. विझवला, त्याच गॅसवर वरण गरम केलं आणि जेवलो.

पुढे विमान कंपनीचा कागद आला. सापडलेलं सामान ओळखायचं होतं, म्हणून बॅगेत काय काय होतं ते एकाखाली एक लिहून पाठवायचं होतं. तोवर लेक बाळंत झाली होती, मुलगा झाला. तिनं फोनवर सांगायचं आणि मी लिहायचं, असं चाललं होतं. लुगडी तीन. चष्म्याचं घर. गुडघ्याचं तेल. बाळाची दोन टोपडी. तिथे मी थांबलो आणि तिला खोबऱ्याचं सांगितलं.

मागे बाळ कुरकुरत होतं.

"बाबा, ते लिहू नका."

"काहून?"

"कागदावर आईचं नाव आहे. उद्या लोक म्हणतील, म्हातारीले विचारलं होतं अन् ती खोटं बोलली. तिच्यापायी सारे मेले म्हणतील."

"अन् नाही लिहिलं तर?"

"तर कोणालेच माहीत नाही."

"मले आहे ना."

"मंग तुमच्याजवळच राहू द्या," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी ड्रायव्हरला विचारलं, बस ठोकली गेली तर दोष कोणावर लागतो. त्यानं टोस्ट चहात बुडवला. "मेला त्याच्यावर. जित्ता माणूस बयान देते. मेलेला काय देईन, भाऊ?"

घरी येऊन कागद पुरा केला, पोस्टात देऊन आलो आणि मग लेकीला फोन लावला.

"लिहिलं," मी म्हटलं.

"काय लिहिलं?"

"सुकं खोबरं, अर्धा किलो. रकान्यात जागा नव्हती, बाजूले लिहिलं. हे नवऱ्यानं लपवून ठेवलं. बायकोले माहीत नव्हतं. ती नाही म्हणाली असन तर खरंच बोलली. खाली सही केली."

"बाबा, आता तुम्हाले बोलतील सारे."

"बोलू दे. मी जित्ता आहे. मले विचारतील तर मी सांगीन."