गच्चीवरच्या मिरच्या आणि मासिकवाले वकील

आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत तळमजल्यावर एक निवृत्त वकील राहायचे. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत ते घरातूनच एक मासिक काढत. माणसाला हवा तो धंदा करू द्यावा, सरकारने मध्ये पडू नये, हे दर महिन्याला वेगळ्या शब्दांत लिहिलेलं असे. साखर-रॉकेलसाठी रेशनच्या रांगेत उभं राहून आल्यावर ते वाचायला बरं वाटे. छापून आलेल्या अंकांवर पत्त्यांच्या कागदी पट्ट्या खळीने चिकटवायला आम्ही दोघीतिघी बायका जायचो. मी चौथी शिकलेली, चिकटवता चिकटवता वाचायची.

माझा धंदा मालवणी मसाल्याचा. उन्हाळ्यात गच्चीवर मिरच्या वाळवायच्या, तिथेच शेगडीवर भाजायच्या. नवरा कामाला होता ती कापडगिरणी संपानंतर उघडलीच नव्हती, घर मसाल्यावर चालायचं.

एका उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरचे दमेकरी आजोबा ठसक्याने बेजार झाले. मिरच्या बंद करायला सभा भरली. वकील सोसायटीचे सेक्रेटरी. मला वाटलं, हा माणूस तरी माझ्या बाजूने बोलेल. त्यांनी हात वर केला तो बंदीसाठी.

मी तिथेच विचारलं, "मग दर महिन्याला लिहिता ते काय?"

"वहिनी, सोसायटी म्हणजे सरकार नाही. नियमांवर आपण सगळ्यांनी सह्या केल्यात. आणि तुमचा धूर दुसऱ्याच्या छातीत जातो."

"आणि माझं घर कशावर चालवू?"

वकिलांनी हात मोजले आणि बंदी मंजूर झाली.

मागून कुणीतरी म्हणालं, "छापा की हे अंकात. एक अंक तरी कुणी वाचेल." सगळे हसले.

त्यांनी खरंच छापलं. नावं न घालता दोन्ही बाजू मांडल्या आणि वाचकांना मत विचारलं. एवढी पत्रं त्या मासिकाला कधी आली नव्हती. एक म्हणे, आजोबांनी खिडकी लावावी. दुसरा म्हणे, बाईने आजोबांना भरपाई द्यावी. एकाने तर गच्चीचा लिलाव करा म्हणून सुचवलं. पुढच्या अंकातही तेच चाललं होतं. मला राग होता, तरी पट्ट्या चिकटवायला जात राहिले. नाहीतर काय लिहितात ते कळलं नसतं.

पण पावसाच्या आत मिरच्या वाळायला हव्या होत्या. मी दहिसरच्या चाळीत मावसबहिणीकडे गेले. तिथल्या बायका म्हणाल्या, "वाळव गं अंगणात. आमच्या पण भाजून दे म्हणजे झालं." भाजताना अख्खी चाळ खोकली.

वकिलांना हे सांगितलं तर ते खूश. "बघा, तुम्ही आपसांत व्यवहार ठरवलात. हेच मी लिहितो."

"तिथे कुणाला दमा नव्हता," मी म्हटलं.

पुढच्या अंकात त्यांनी तेही घातलं.

काही वर्षांनी त्यांची नजर गेली आणि मासिक थांबलं. सभेत त्यांचं बरोबर होतं, असं मला आता वाटतं. पण त्यांच्या बरोबर असण्याने माझ्या मिरच्या वाळल्या नसत्या.