तिसऱ्या चुलीचा मसाला

मार्च लागला की माझा घसा खवखवायला लागतो. डॉक्टर म्हणतात धुळीचा त्रास आहे. भिवंडीत धूळ कधी नसते? पण माझा घसा धुळीनं नाही खवखवत, त्याला मिरच्यांची आठवण येते. नारपोलीत माझ्या सासरी वर्षाचा मसाला घरी व्हायचा, आणि ते सगळे दिवस अख्खं घर खोकत, शिंकत, डोळे पुसत एकमेकांवर खेकसत असायचं. मी शाळेत मराठी शिकवायचे. दिवसभर पोरांपुढे घसा फोडायचा आणि घरी येऊन मिरच्यांच्या ठसक्यात बसायचं, असं ते आयुष्य होतं. कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू.

एकदा ऑफ तासाला काही काम नव्हतं म्हणून शिक्षकखोलीतल्या जाडजूड शब्दकोशात मी 'मसाला' काढून बघितला. माझी समजूत अशी की हा शब्द आपल्या आयांच्या पाट्याखालूनच निघालेला असणार. निघाला अरबी. मूळ अर्थ असा की एखादी गोष्ट नीट व्हायला, बरी व्हायला जे जे लागतं ते सगळं. आपली 'मसलत' त्याच मुळातली, चार डोकी एकत्र बसून भल्याचं काय ते ठरवतात ती. यंत्रमागावर, म्हणजे आमच्या लूमवर, दोघांची जुंपली की मुकादम 'सुलह कर लो' म्हणत मध्ये पडतो, ती सुलहही त्याच कुळातली. आणि जुन्या मराठी कागदांत तर भलतंच. सरकारी बोलावणं घेऊन येणाऱ्या शिपायाचा खर्च ज्याच्या दारात तो यायचा त्याच्याकडूनच वसूल करायचे, त्यालाही मसालाच म्हणायचे.

मोठ्या हौसेनं मी हे घरी सांगितलं. सासूबाईंनी मिरचीचे देठ मोडता मोडता ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मिरच्या कल्याणच्या बाजारातून आणल्यात, त्यात अरबाचा काय संबंध? विषय संपला. फक्त बाय हसली. म्हणाली, म्हणजे नुसती मिरची म्हणजे मसाला न्हाय, सगळी एकत्र आली पायजेत, एवढंच ना? ते तर मना ठावं हाय.

बाय म्हणजे माझी नणंद. माझे थोरले दीर आणि माझा नवरा, दोघांपेक्षा मोठी. सगळं घर तिला बायच म्हणायचं. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली ती कायमची. मी ब्याऐंशी साली लग्न होऊन त्या घरात आले, तेव्हा ती स्वयंपाकघरात इतकी मुरलेली होती, की ती त्या घरात पाहुणी आहे की मालकीण हे मला बरेच दिवस कळलंच नाही. तिलाही कुणी सांगितलं नव्हतं.

मसाल्याचं सगळं तिच्याकडे. आमच्या दोन्ही बाजूंना लूमचे कारखाने, दिवसरात्र खटखट, आणि हवेत कापसाचा तूस. मिरच्या उघड्या वाळत घातल्या तर संध्याकाळपर्यंत त्यांना दाढी फुटायची. म्हणून बाय गच्चीवर मिरच्या पसरून त्यावर जुनं पातळ नऊवारी अंथरायची, चार कोपऱ्यांना विटा ठेवायची, आणि दुपारी आम्ही सगळे आडवे झालो की वर जाऊन मिरच्या उलथून यायची. मग भाजणं. धणे वेगळे, लवंग-दालचिनी वेगळी, हळकुंडं वेगळी. जो तो आपापल्या वेळेनं भाजतो, म्हणायची, घाई केली तर एक जळतो नि दुसरा कच्चा राहतो. आणि मग धामणकर नाक्याजवळच्या गिरणीत आपल्या डब्याजवळ ठाण मांडून बसायचं, कारण डोळा लागला की आपल्या मिरच्यांत दुसऱ्याच्या मिरच्या गेल्याच म्हणून समजा.

एका उन्हाळ्यात कर्फ्यू लागला. मिरच्या भाजून तयार आणि गिरणी बंद. तेव्हा बायनं माळ्यावरचं उखळ काढलं आणि दारं-खिडक्या लावून घेऊन सगळा मसाला हातानं कुटला. बाहेर चिटपाखरू नाही, आत आम्ही तोंडाला पदर लावून खोकतोय. तिचे हात नंतर इतके भगभगत होते की ती ताकाच्या वाटीत बोटं बुडवून बसायची. त्या वर्षीचं कालवण जरा भरड लागायचं, पण कुणी एक शब्द बोललं नाही.

सासूबाई गेल्या आणि दोन-तीन वर्षांत घराचं कसं व्हायचं तसंच झालं. घरोघरी मातीच्या चुली. मला शाळा, त्यावर शिकवण्या, त्यावर दोन मुली. थोरल्या जावेला वाटायचं, ही नोकरीच्या नावाखाली कामातून अंग काढते. मला वाटायचं, हिला दिवसभर घरी बसून करायचं काय असतं? दोघींचं आपापल्या जागी खरंच होतं बहुतेक. भांडायलासुद्धा जोर लागतो. आमच्यात तोही उरला नव्हता, नुसतं धुसफुसत राहायचो. बाय मधल्यामध्ये. सकाळी माझा डबा भरायची, दुपारी जावेचे पाय चेपायची.

शेवटी दिरांनी ठरवलं की चूल वेगळी करू. दिवाळीच्या आधी. त्याबद्दल मला वाईट वाटलं नाही, सुटल्यासारखंच वाटलं. पण लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला, तो म्हणजे बायचं काय? ती जेवणार कोणाकडे, निजणार कुठे? घर दोन भावांत वाटलं जाणार आणि बहीण दोघांची.

मग ओटीवर मसलती सुरू झाल्या. रोज संध्याकाळी दीर कारखान्यावरून यायचे, माझा नवरा कचेरीतून यायचा, दोघं चहाचे कप घेऊन बसायचे आणि बायचं काय याचा खल करायचे. कप आणून देत होती बाय. दोघांपैकी एकानंही तिला विचारलं नाही. मी नवऱ्याला म्हटलं, अहो, तिलाच विचारा की. तो म्हणाला, ती काय बोलणार, आपण ठरवू ते तिला मान्यच असतं. भल्याचं ठरवायचं ती मसलत, हे कोशातलं मला ओठावर आलं होतं. गिळलं. दमलेल्या माणसाला शब्दाचं मूळ सांगायला गेलं तर तो अंगावर येतो, हा अनुभव घेऊन झाला होता.

ठरलं असं की बायनं एक महिना थोरल्याकडे जेवायचं, एक महिना धाकट्याकडे. पाळीनं. लूमवर असते तशी पाळी. दीर म्हणाले, म्हणजे कुणावर बोजा नको आणि लोकांत शोभेलही. वाईट मनानं नाही म्हणाले. त्यांचा जन्म त्या खटखटीत गेलेला, दिवसपाळी-रातपाळी हीच त्यांची न्यायाची कल्पना. बायनं ऐकलं आणि रिकामे कप उचलून आत गेली.

स्वयंपाकघराच्या मधोमध भिंत घालायला उत्तरेकडचा एक गवंडी आला. वाळू-सिमेंट कालवून घमेल्यात भरायचा आणि त्यालाही मसालाच म्हणायचा. चुकीचं काही नव्हतं, भिंत उभी राहायला जे लागतं ते सगळं त्यात होतं. बाय मागच्या पडवीच्या दारात बसून ती भिंत वर चढताना बघत होती. मी विचारलं, बाय, काय बघतेस? म्हणाली, सरळ घालतोय का बघते.

वाटणीचा दिवस आला. भांडी झाली, पितळी डबे झाले, देव थोरल्याकडे राहिले. आता उरला मसाला. आमच्या घराण्यात वाटणीची एक रीत होती. मसाला सगळ्यात शेवटी वाटायचा. तो तराजूत घालायचा नाही, वाटीनं मोजायचा नाही, हातानं वाटायचा, आणि तो हात घरातल्या थोरल्या बाईचा. कारण एकदा एकत्र कुटलेलं परत निवडता येत नाही. ते कुणीतरी एकानं वाटावं आणि बाकीच्यांनी मुकाट्यानं घ्यावं.

उन्हाळ्यात कुटलेला मसाला अजून अर्धी बरणी शिल्लक होता, वर हिंगाचे खडे ठेवलेले. थोरली जाऊ पदर खोचून बरणीपाशी बसली. तिचं तिला ते रीतसरच वाटत होतं, थोरल्याची बायको ती. दिरांनाही तसंच वाटलं, माझ्या नवऱ्यालाही. आणि खरं सांगायचं तर मलाही. सासूबाई गेल्यावर थोरली कोण, हा हिशेब आमच्यापैकी कुणी केलाच नव्हता.

बाय मागून आली. हात धुतलेले, पदराला पुसत. जावेला म्हणाली, "उठ गो. मी हाय अजून."

जाऊ उठली. बाय मांडी घालून बसली आणि तिनं बाजूचे रिकामे डबे ओढून पुढे मांडले. तीन डबे. एक मूठ पहिल्यात, एक दुसऱ्यात, एक तिसऱ्यात. सावकाश. आम्ही चौघं उभं राहून बघत होतो. बाजूच्या कारखान्यात दिवसपाळी जोरात चालली होती. हिंगाचे खडेसुद्धा तिनं तिघांत वाटले.

दिरांनी विचारलं, हा तिसरा कोणाचा?

"माजा," बाय म्हणाली.

दीर समजुतीच्या सुरात म्हणाले की अगं तुला कशाला वेगळा, तुझी पाळी ठरवलीय ना आम्ही.

बायनं डब्याचं झाकण लावलं. तळव्यानं दाबून घट्ट बसवलं. मग मान वर करून म्हणाली, "पाळी लूमाला आसते. मी मानूस हाय. मना माजी चूल पायजे, तिथं पडवीत."

पुढे बरंच झालं. लोक काय म्हणतील, दोन भाऊ असून बहिणीला पोसता आलं नाही, आमच्या तोंडाला काळं फासतेस का, सगळं झालं. माझा नवरा जेवला नाही. जाऊ रडली, आणि ते रडणं खोटं नव्हतं. भिंतीच्या उरलेल्या चार विटा बायनं पडवीत नेल्या, गवंड्याच्या घमेल्यातला उरलेला मसाला मागून घेतला आणि ओटा स्वतः लिंपला. स्टोव्ह माझ्याकडचा जुना नेला. मी तो आधीच घासून ठेवला होता, तिला सांगितलं मात्र नाही.

पोट कसं भरायची? तेच. मसाल्यावर. आमच्या शाळेतल्या शिक्षिकांना घरी मिरच्या भाजायला वेळ कुठला, त्या बायकडे द्यायला लागल्या. मग लूम कामगारांच्या खानावळीचा मालक आला, आमच्याकडे तिला भिशी म्हणतात, त्यानंही काम दिलं. उन्हाळाभर ती राबायची. खोकला वाढला. मी म्हणायचे, बाय, पुरे कर आता, विकतच्या पुड्या मिळतात सगळीकडे. ती म्हणायची, मिलतात तर घे. मी नाही घेतल्या. कारण आमचा तिन्ही चुलींचा मसाला तीच करायची, एकत्रच भाजायची, एकत्रच कुटून आणायची. आणि मग बसून तीन डब्यांत मुठीनं वाटायची.

भिंत होती, भाऊ तिच्याशी धड बोलत नव्हते, आणि कालवणाचा वास तिन्हीकडे एकच यायचा. मला त्याचा कधीकधी राग यायचा. एवढं सगळं करून माणसं वेगळी होतात, ती मग धड वेगळी तरी का होत नाहीत?

चूल मांडल्याला वर्ष उलटून गेलं असेल. थोरली जाऊ पोरांना घेऊन टेमघरला माहेरी लग्नाला गेली होती. दीर कारखान्यामुळे मागे राहिले. मी दुपारी शाळेतून आले, चप्पल काढतच होते, तर पडवीच्या बाजूला काहीतरी हालचाल वाटली. खिडकीतून बघितलं. दीर हातात रिकामं ताट घेऊन पडवीच्या दाराशी उभे होते. उंचापुरा, कारखान्यात माणसांवर ओरडणारा तो माणूस, सदऱ्यावर कापसाचा तूस, आणि उंबऱ्याबाहेरच घुटमळत होता. आत सुकटीचं कालवण उकळत होतं. आमच्याकडे जेवायला येऊ शकले असते, मी काय नाही म्हणणार होते? पण माझ्या दाराकडे वळून न बघता ते तिथं गेले होते.

बायनं त्यांना थोडा वेळ तसंच उभं ठेवलं. मुद्दाम असेल, किंवा भात उतरायचा असेल. मग पाट सरकवला.

"बस," म्हणाली. "आज तुजी पाळी."

ते बसले. खाली मान घालून जेवले. तिनं न विचारता भात दुसऱ्यांदा वाढला, तिसऱ्यांदा वाढला, बाजूला बसून पंख्यानं माश्या हाकलल्या. मला रडू आलं. दमलेली होते म्हणूनही असेल, पण आलं.

जेवण झाल्यावर दीर उठले, ताट उचलून मोरीवर गेले आणि बसून ते स्वतः घासलं. आमच्या घरात पुरुषानं ताट घासलेलं मी तोवर बघितलं नव्हतं. घासलेलं ताट त्यांनी घरी नेलं नाही. बायच्या फळीवर, तिच्या डब्याशेजारी उभं करून ठेवलं आणि कारखान्यावर निघून गेले.